मुदत संपलेली नावं

आमच्या स्टेशनाजवळची लाँड्री बंद झाली, त्या दिवशी मी आठल्येकाकांना पहिल्यांदा पाहिलं. शटरवर मालकाने हाताने लिहिलेला कागद लावला होता: इतकी वर्षं लोभ ठेवलात, आभारी आहोत. त्या कागदासमोर कानटोपी घातलेले एक उंच गृहस्थ भर फुटपाथवर चपला काढून, हात जोडून, डोळे मिटून उभे होते. जपानी लोक अशा वेळी बघत नाहीत, वळसा घालून जातात. मी आपली टक लावून बघत राहिले, कारण कानटोपीवरून माणूस आपल्याकडचा आहे हे कळलंच होतं.

नमस्कार आटोपला. चपला घालून त्यांनी खिशातून डायरी काढली, दुकानाचं नाव उतरवून घेतलं आणि माझ्याकडे वळून, ओळख ना पाळख, म्हणाले, "अडीच महिने. सुतक फिटू दे, मग बघू."

मी घरी येऊन नवऱ्याला, निरंजनला, सांगितलं की ह्या आपल्या हिगाशी-कसाई वस्तीत एक वेडा मराठी माणूस आहे. दुसऱ्या दिवशी कळलं की तो आमच्याच बिल्डिंगमध्ये आहे, आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर.

आता सुतक कशाचं, ते सांगते. मला ते काकांनीच लिफ्टमध्ये समजावलं होतं. "वेबसाइटचं नाव असतं ना, ते कोणाच्या बापाचं नसतं, मधुरा. भाड्याचं असतं. मुदत संपायच्या आत भाडं भरायचं. नाही भरलं तरी लगेच काढून घेत नाहीत, मालकाला पत्रांवर पत्रं जातात. अडीच महिन्यांत कोणी पुढे आलं नाही, की नाव मोकळं. मग ज्याने आधी हात घातला त्याचं." ह्या अडीच महिन्यांना काका सुतक म्हणायचे. सुतकात नावाला शिवायचं नाही, हा त्यांचा नेम. सुतक फिटलं की मात्र पुढच्या मिनिटाला नाव काकांचं, आणि त्या पत्त्यावर पाटी: हे नाव विकणे आहे. बंद पडलेली दुकानं, विझलेल्या कंपन्या, कोणाचे तरी हौसेने काढलेले आणि विसरलेले उद्योग. तीस वर्षं इथल्या एका कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस सकाळी पूजा झाली की मेलेली नावं शोधायला बसायचा.

एकटे होते. काकू जाऊन काही वर्षं झाली होती, एवढंच कानावर होतं. मूलबाळ नव्हतं. भारतात परत का जात नाही असं कोणी विचारलं, तर म्हणायचे, "इथे एक काम राहिलंय." कसलं काम, ते कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही.

मुदत हा काकांचा जीव की प्राण. आमच्या सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी सातला एक मावशी शिळ्या होत आलेल्या डब्यांवर 'हानगाकु', म्हणजे अर्ध्या किमतीचं, स्टिकर लावत फिरतात. काका पावणेसातपासून तिथे हजर. मावशी टोफूकडे गेल्या की काका टोफूकडे, मावशी दह्याकडे की काका दह्याकडे, हात मागे बांधून, लग्नात वधूच्या मामाने मागेमागे फिरावं तसे. पूर्ण किमतीची वस्तू घेतलेली मी त्यांना पाहिली नाही. "आज ज्याची मुदत संपतेय त्याला आजच खाल्लं पाहिजे," म्हणायचे. "उद्या त्याला कोण विचारणार?"

आणि कचरा! इथे कचऱ्याचे वार असतात, जळणारा, न जळणारा, कागद, बाटल्या. चुकीचा टाकला तर गाडीवाले तो तिथेच ठेवतात आणि वर लाल स्टिकर चिकटवून जातात. मग तो पिशवीवाला कोण, हे सगळ्या बिल्डिंगला कळतं. काका सकाळी आठ वाजता कचऱ्यापाशी उभे राहून प्रत्येकाची पिशवी तपासायचे. मला म्हणाले, "नवीन आहेस, चुकशील." म्हटलं, "काका, काळजी नको, आमच्याकडे कागद आहे."

कागद खरंच होता. आमचं घर कंपनीचं, एक कुटुंब जातं, दुसरं येतं. आधीच्या कोणीतरी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक छापील मराठी कागद चिकटवून ठेवला होता. वरचं पान गेलेलं, नाव नाही गाव नाही, नुसतं 'पान २', कोपरा जळलेला. कुठला कचरा कुठल्या वारी, कोथिंबिरीच्या ऐवजी काय, पोहे कुठे मिळतील, आणि मधूनच असली वाक्यं: 'दुधाचं खोकं आधी धुवावं, मग कापून उलगडावं, मग वाळवावं. हे काम नवऱ्याला सांगू नये, तो नुसतंच धुतो.' परक्या देशातल्या पहिल्या महिन्यात मला दिवसातून एकदा तरी हसवलं असेल, तर त्या कागदाने. मी तो सहा वर्षांत हलवला नाही.

गंमत म्हणजे, सगळ्या बिल्डिंगचा कचरा तपासणाऱ्या काकांचीच खोकी दर कागदाच्या वारी मागे राहायची. धुतलेली लख्ख, पण अख्खी. वर लाल स्टिकर. काका ते स्टिकर बघायचे आणि म्हणायचे, "हे गाडीवाले नवीन आहेत." सहा वर्षं गाडीवाले नवीनच.

निरंजन तोयोसूच्या ऑफिसात दिवसभर 'साइतो-सान, तानाका-सान' करून दमून यायचा, पण काका चहाला आले की त्याला चेव चढायचा. "काका, हा काही धंदा नाही हो. माणूस आजारी असेल, विसरला असेल, गेला असेल. आणि तुम्ही त्याच्या नावावर पाटी लावता? ह्याला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात."

काका रागावायचे नाहीत. बशीत चहा ओतत शांतपणे म्हणायचे, "दार उघडं होतं. मी फक्त आत गेलो." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "मी नाही गेलो तर दुसरा जाईल. तो चपलाही काढणार नाही."

एकदा मात्र ते दुपारीच आले, हातात पत्र. जपानी, हाताने लिहिलेलं. "तू हल्ली जपानी शिकतेयस. वाच आणि सांग, ह्यात टोमणा आहे का?" काकांचं जपानी माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं. पण हट्टच धरला, म्हणून वाचलं. पलीकडच्या वॉर्डातल्या एका मोचीच्या, म्हणजे तांदळाच्या मिठाईच्या, दुकानाचं नाव काकांनी घेऊन विकलं होतं. दुकानदार वारले होते. त्यांच्या मुलीला वर्षाने आठवण झाली, तिने काकांकडे नावाची चौकशी केली, काकांनी कळवलं की ते विकलं गेलं. त्यावर हे उत्तर: आपल्याला उगाच त्रास दिला, क्षमस्व. वडिलांचं नाव काही दिवस आपण सांभाळलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

मी ते माझ्या शिकवणीच्या बाईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, टोमणा अजिबात नाही, बिचारीने खरंच आभार मानलेत.

काकांना तसं सांगितलं. "टोमणा असता तर बरं झालं असतं गं," म्हणाले, आणि पत्राची घडी घालून डायरीत ठेवली. त्यानंतर ते नाव घेण्याआधी जुन्या मालकाला एक पोस्टकार्ड टाकायला लागले. उत्तर आलं तर नाव फुकट परत. नाही आलं, तर पाटी. धंदा सोडला नाही. मी मनातून म्हणायचे, एवढी बोच आहे तर सोडावा की! पण शेजारधर्म म्हणून बोलले नाही कधी.

बोलले ते ह्या मार्चमध्ये. आणि असं बोलले की आजही आठवलं की कानशिलं तापतात.

आम्ही रविवारी मुलांची मराठी शाळा चालवतो. एका हॉलमध्ये दोन तास. माझी मुलगी ओवी त्याच शाळेत. मी 'पाऊस पडतो' म्हण म्हटलं की जपानीत 'हाई', म्हणजे 'हो', म्हणते, अशी एकूण प्रगती. पण शाळेची एक वेबसाइट आहे, आणि ती आमचा प्राण. आठ वर्षांतल्या सगळ्या मुलांची वेडीवाकडी निबंधाची पानं तिथे आहेत. जी मुलं परत पुण्या-मुंबईला गेली, त्यांचे आईवडील अजून तिथे येऊन बघतात.

तर मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी मी साइट उघडली, आणि निबंधांच्या जागी पाटी: हे नाव विकणे आहे. खाली संपर्क. आठल्ये.

कसं झालं ते नंतर कळलं. नाव ज्या बाईंनी घेतलं होतं त्या नवऱ्याच्या बदलीबरोबर पुण्याला गेल्या. नाव होतं नवऱ्याच्या कंपनीच्या मेलवर. कंपनी सुटली, मेल बंद झाला, भाडं भरायची पत्रं त्या बंद मेलवर जात राहिली. इथे आपण सगळे असेच. तीन वर्षांच्या व्हिसावर येतो, शाळा काढतो, गणपती बसवतो, आणि किल्ल्या जाणाऱ्याच्या खिशात राहतात. पण हे सुचायला डोकं थंड लागतं. माझं नव्हतं. मी चपला न घालता जिना चढून वर गेले.

दार उघडंच होतं. काका टेबलाशी लॅपटॉपपुढे बसले होते.

"मुलांचं नाव विकायला काढलंत?" मी म्हटलं. "ओवीचं पहिलं अक्षर आहे त्याच्यात! माझ्या घरी चहा पिता, शंकरपाळ्या खाता, आणि... निरंजन म्हणतो तेच खरं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाता तुम्ही. लाज नाही वाटत?"

पासष्टी उलटलेल्या माणसाला मी 'लाज नाही वाटत' म्हटलं. आईने ऐकलं असतं तर थोबाडीत दिली असती.

काकांनी डायरी उघडून माझ्यापुढे सरकवली. आमच्या शाळेचं नाव होतं, पुढे तीन पोस्टकार्डांच्या नोंदी. तिन्ही हॉलच्या पत्त्यावर. हॉलवाल्यांनी ती कुठल्याशा खणात टाकली असणार. "वेबसाइटवर तोच पत्ता होता तुमचा," काका म्हणाले. "तू रविवारी शिकवतेस ते ठाऊक होतं, पण ही तीच शाळा हे मला कुठे माहीत? परवा पहाटे सुतक फिटलं. आणखी दोघं टपले होते त्याच्यावर. पाटी आपोआप लागते. आत्ता काढतो. नाव तुझ्या नावावर करून देतो. फक्त तीन माणसांचे फोन लिही इथे. एकाचा नको. तीन."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "नको. तू बरोबर बोललीस. आजच बोललीस ते बरं झालं."

तेव्हा माझं लक्ष लॅपटॉपकडे गेलं. पडद्यावर जुगाराची जाहिरात होती, पत्ते, नाणी, चकाकणारं काय काय. आणि वर पत्त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत: सुलभाची फोडणी.

"सुलभा म्हणजे?"

"तुझी काकू," ते म्हणाले.

सुलभाकाकू वर्षानुवर्षं वेबसाइट लिहायच्या. नव्याने जपानात येणाऱ्या बायकांसाठी. डाळ कुठे, डॉक्टर कुठला, शेजारणीशी पहिलं काय बोलायचं. काकांनी ती कधी धड वाचलीही नव्हती. "बायकांचं काहीतरी" म्हणून सोडून दिलं होतं. मग काकू आजारी पडल्या आणि तीन महिन्यांत गेल्या. त्यांचा फोन वाजत राहायचा. काकांना तो आवाज सोसेना, म्हणून त्यांनी फोन बंद करून खणात ठेवला.

"भाडं भरा, भाडं भरा, अशी सगळी पत्रं त्या फोनवर आली असणार. मी खण सहा महिन्यांनी उघडला. तिची आठवण आली म्हणून म्हटलं, चला, आज वाचू ती काय लिहायची ते. उघडलं, तर हे." त्यांनी जुगाराच्या नाण्यांकडे बोट दाखवलं. "लिहिलेलं सगळंच गेलं होतं. त्या जागेचंही भाडं तिच्याच फोनवर मागत होते. त्या माणसाला विचारलं, नाव परत दे. त्याने किंमत सांगितली. मला राग आला. म्हटलं, स्वतःच्या बायकोचं नाव मी विकत घेऊ? शिव्या लिहून पाठवल्या. मग रात्रभर... जाऊ दे. पुढच्या आठवड्यात लिहिलं की घेतो, सांगशील त्या किमतीला घेतो. तर उत्तरच नाही. आजतागायत नाही."

म्हणून हा धंदा शिकले. मुदत कधी संपते, सुतक किती दिवसांचं, हात कधी घालायचा. सगळं त्या एका नावासाठी. शिकता शिकता हात बसला, दुसऱ्यांची नावं मिळायला लागली, आणि ती विकलीही जायला लागली. "माझ्यासारखाच कोणीतरी असेल तो," काका म्हणाले. "त्यालाही कोणीतरी म्हणत असेल, काय हा धंदा. तो काय सांगत असेल ते मला पाठ आहे. दार उघडं होतं. उघडं होतंच ना! मीच ठेवलं होतं."

दरवर्षी मार्चमध्ये त्या नावाची मुदत संपायची. दरवर्षी काका वाट बघायचे की यंदा तरी तो विसरेल. ह्या कामासाठीच ते इथे राहिले होते.

"आणि यंदा?"

"आज सकाळी भरलं त्याने. दहा वर्षांचं, एकदम." काकांनी लॅपटॉप मिटला. "मी अडुसष्ट. दहा वर्षं मी काही ह्या खुर्चीत नसणार. मधुरा, माझ्या डायरीत तिच्या नावापुढे तुझा फोन लिहू का? लक्ष ठेवशील?"

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. आणि म्हणताना मला ठाऊक होतं की आमचा व्हिसा पुढच्या वर्षी संपतोय, आणि मी म्हणजे त्या पुण्याला गेलेल्या बाईच आहे. काकांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी नंबर लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला.

मग विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, काकू लिहायच्या कशा?

"आठवत नाही गं. वाचलंच नाही ना. एक वाक्य तेवढं आठवतं. ते तिनं मला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं होतं, चिडवायला. दुधाचं खोकं धुवावं, कापावं, काय काय... आणि शेवटी, हे काम नवऱ्याला सांगू नये..."

"तो नुसतंच धुतो," मी म्हटलं.

काकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी उठले आणि खाली धावले. कपाटाच्या दाराचा कागद सहा वर्षांत पहिल्यांदा काढला, नखांनी, हळूहळू, चिकटपट्टीसकट. वर नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. जळलेल्या कोपऱ्यापासून वाचायला लागले, अक्षर न् अक्षर. पोह्यांपाशी हसले. कोथिंबिरीपाशी म्हणाले, "हे तिनं मला विचारून लिहिलं होतं." खोक्यांपाशी आले आणि बोट त्या ओळीवरच थांबलं. एवढा मोठा माणूस, कागदावर पाणी पडू नये म्हणून तोंड बाजूला वळवून रडत होता. मीही रडले. निरंजन मला शोधत वर आला, त्याने आम्हा दोघांना बघितलं आणि गॅसवर चहा ठेवला.

कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, चोवीस तास उघड्या असणाऱ्या त्या छोट्या दुकानात, जाऊन काकांनी कागदाची झेरॉक्स काढली. एकच. झेरॉक्स स्वतः ठेवली आणि मूळ कागद मला परत दिला. मी नको नको म्हटलं, तर म्हणाले, "त्या कपाटातच राहू दे. तुमच्यानंतर कोणी नवीन बाई येईल."

पुढच्या कागदाच्या वारी मी कचरा घेऊन खाली गेले. काका नेहमीसारखे उभे, पण कोणाची पिशवी तपासत नव्हते. त्यांच्या पायाशी दुधाची खोकी होती. धुतलेली, कापून उलगडलेली, खडखडीत वाळवलेली, सुतळीने बांधलेली. गाडी आली आणि ती खोकी उचलून घेऊन गेली. मागे काही राहिलं नाही.

काकांच्या अंगठ्याला पट्टी होती.

"कापताना लागलं," म्हणाले. "कात्रीने कापायचं की सुरीने, ते लिहिलं नाही तिनं."

"पुढच्या पानावर असेल, काका," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "पुढच्या पानावर असेल."